याव सुमिनाच्या गालावरचा दोष

क्वाबेना आफ्रानीला किळस चटकन येते, पण ती ठरावीक गोष्टींचीच. सूपमध्ये माशी पडली तर तो ती बोटाने काढतो आणि सूप संपवतो. मासळीबाजारातून नाक न धरता जातो. त्याची किळस जरा वरच्या वर्गातली आहे. आभाळ असतं त्याहून निळं केलेलं, झाडं हिरव्या रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी, नवरीच्या चेहऱ्यावर दोन डोळे सोडून काहीच उरलेलं नाही, असा फोटो कोणी समोर धरला की त्याचा वरचा ओठ एका बाजूने उचलला जातो. मग आम्ही ओळखतो की आता कोणाची तरी धडगत नाही.

आम्ही म्हणजे कुमासीतले हौशी फोटोवाले. रविवारी चर्च सुटलं की बान्तामातल्या एका शाळेच्या वर्गात आमचं मंडळ भरतं. पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही बसतो आणि एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवतो. औषधवाला आहे, दोन शिक्षिका आहेत, स्वतःच्या तीन टॅक्सी असलेला ताविया आहे. आफ्रानी लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रत ठरवतो. दिवसभर त्याच्यापुढून फळ्या सरकतात. गाठ, चीर, किडीचं भोक दिसलं की तो खडूने फुली मारतो आणि फळी दुसऱ्या ढिगात जाते. आमच्यापैकी कोणाचंच पोट फोटोवर चालत नाही. फोटोच आमच्या पोटाला चिमटा काढून चालतात. म्हणून कॅमेरा एकदाचा घेऊन झाला की प्रत्येक नवा सभासद तोच प्रश्न घेऊन येतो, आणि तो आफ्रानीला विचारायचा असतो: फोटो सुधारायला प्रोग्राम कोणता घ्यावा, म्हणजे बायको घराबाहेर काढणार नाही?

आफ्रानीने सगळे चाखले होते. तो सांगायचा, आणि सांगताना कुठल्या कुठल्या खाणावळीत पोट बिघडलं ते सांगावं तसा चेहरा करायचा.

पहिला भाड्याचा प्रकार. सगळ्यात नावाजलेले प्रोग्राम आता विकतच मिळत नाहीत, दरमहा भाड्याने मिळतात, आणि भाडं डॉलरमध्ये. "आपला सेडी घसरला की माझ्या बकरीच्या फोटोची किंमत वाढते," आफ्रानी म्हणायचा. "बकरी तीच. शिवाय महिन्यातून एकदा प्रोग्राम नेटवरून मालकाला विचारतो, हा माणूस अजून भाडेकरू आहे का? आणि नेमकं तेव्हा आपल्याकडे ना वीज असते ना नेट. मग तो तोंड मिटून बसतो. माझेच फोटो, माझ्याच घरात, मलाच दाखवत नाही."

दुसरा अडुमच्या फुटपाथवरचा. तिथे एक पोरगेला माणूस जगातले सगळे महागडे प्रोग्राम पेन-ड्राइव्हवर भरून, दोन प्लेट वाक्येच्या, म्हणजे चवळी-भाताच्या, भावात विकतो. तावियाने घेतला होता. विक्रेत्याने सूचना दिल्या, "पूर्ण व्हर्जन आहे, बॉस. लावताना नेट बंद ठेवायचं, अँटीव्हायरस बंद ठेवायचा आणि मनात शंका ठेवायची नाही." तावियाने तिन्ही पाळल्या. आठवड्याभरात त्याच्या लॅपटॉपने कुठल्याशा परक्या लिपीत लॉटरीच्या जाहिराती दाखवायला सुरुवात केली, आणि मुलीच्या बाप्तिस्म्याचे फोटो उघडेनात. आफ्रानीने ते यंत्र एका बोटाने, सांडपाण्यातून काही उचलावं तसं, स्वतःपासून दूर सरकवलं.

तिसरा 'एकदाच पैसे भरा, जन्मभर वापरा' वाला. "कोणाचा जन्म ते विचारून घ्या," आफ्रानी म्हणायचा. दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, जुनीला नव्या कॅमेऱ्याच्या फाइली कळत नाहीत, आणि आपण पुन्हा दारात. तरीही या तिघांत त्याला कमीत कमी किळस याच जातीची. अधूनमधून वापरणाऱ्याने घ्यायचाच तर हाच घ्यावा, मागच्या वर्षीचा, सवलतीत, असं तो कबूल करायचा.

तो स्वतः वापरायचा चौथा. तो फुकट होता. जगभरच्या कोणा कोणा लोकांनी नोकरी सांभाळून बनवलेला. दिसायला हार्डवेअरच्या दुकानासारखा. सगळं आहे, पण कुठे आहे ते मालकालाच माहीत, आणि मालक जेवायला गेलेला. शिकायला त्याला एक अख्खा पावसाळा लागला होता. पण तो मुकाट्याने चालायचा, जुन्या लॅपटॉपवर चालायचा, वीज गेली तर बॅटरीवर चालायचा, आणि न विचारता काही करायचा नाही. आफ्रानीच्या मते यंत्राचा आणि जावयाचा हाच एक गुण.

खरी रोगराई त्याच्या मते पुढेच होती, ती म्हणजे प्लग-इन. मूळ प्रोग्रामला वरून जोडायची ही छोटी अवजारं. अंधारात काढलेल्या फोटोतले दाणे घालवणारं एक अवजार चांगलं असतं, तेवढं पदरमोड करून घ्या, असं तो म्हणायचा. बाकी सगळी उचलेगिरी. आमच्या मंडळाने त्याचं न ऐकता वर्गणी काढून आभाळ बदलणारं एक प्लग-इन घेतलं होतं. वार्षिक प्रदर्शनात औषधवाल्याने बोसुमत्वी तळं लावलं, एका बाईंनी केजेतिया बाजार लावला, तावियाने स्वतःची टॅक्सी. तिन्हींवर एकच ढग होता. बसलेल्या बदकासारखा. कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण चित्रं शेजारीशेजारी होती. पाहुणे म्हणून आलेले पाद्री बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ऋतू एकच दिसतोय." आफ्रानी त्या दिवशी बाहेर जाऊन उभा राहिला, तो प्रदर्शन संपेपर्यंत आत आला नाही.

तर त्याची परीक्षा घ्यायची एक पद्धत होती. नवा प्रोग्राम असो की प्लग-इन, महिनाभर फुकट वापरायला देतात तेवढ्यात तो एकच फोटो त्यावर चालवून बघायचा. आपल्या बापाचा.

त्या फोटोत याव सुमिना ओसरीवर बसलेले होते. एका खांद्यावरून कापड, दुसरा खांदा उघडा, दुपारचं उतरतं ऊन एका बाजूने. अतिशय काळा माणूस. त्या काळ्यात कपाळाच्या कडेला निळं, मानेच्या खाली तांबूस, असं बरंच काही होतं, आणि आफ्रानीने ते सगळं पकडलं होतं. डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, तिरकी एक खूण. बोटाच्या पेराएवढी, जुन्या ब्लेडची.

"प्रोग्राम जाहिरातीत काय म्हणतो ते ऐकू नका," आफ्रानी नव्या लोकांना सांगायचा. "ते सगळे कुठल्या तरी पिंगट केसांच्या मुलीवर दाखवतात. तुमच्या घरातलं सगळ्यात काळं माणूस घ्या, सगळ्यात म्हातारं घ्या, आणि त्याच्यावर बटण दाबा. मग कळतं."

बहुतेक प्लग-इन बटण दाबताच याव सुमिनांना दोन पिढ्या उजळ करायचे. मग खुणेभोवती एक बारीक वर्तुळ उमटायचं आणि कडेला लिहून यायचं: दोष सापडला. संख्या, एक. आणि पाठोपाठ ती खूण नाहीशी व्हायची. वर त्याबद्दल आपलं अभिनंदनही व्हायचं.

एकदा आफ्रानीने हे बापालाच दाखवलं. मी तिथेच होतो. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हा कोण?"

"तुम्ही, बाबा."

"हा?" ते लॅपटॉपच्या मागे काही आहे का ते बघून आले. "मी असा गोरा निघालो असतो तर शेजारणींनी माझ्या आईला विचारलं नसतं का, की बाई, गोऱ्या पाद्र्यांच्या मिशनमध्ये कामाला कधीपासून?"

"तो तुमच्या खुणेला दोष म्हणतो."

"बरोबरच म्हणतो. त्यासाठीच तर केली." आणि ते इतके हसले की खोकला आला.

आमच्याकडे हे नवीन नाही. आईची एकामागून एक पोरं जन्मून मेली की पुढच्याला चांगलं नाव ठेवत नाहीत. सुमिना म्हणजे उकिरडा. त्यांना जन्मल्यावर खरोखर केराच्या ढिगावर नेऊन ठेवलं होतं. शेजारीण आली, कोणाचं हे टाकलेलं म्हणून उचललं, आणि चार कवड्यांना त्यांच्या आईलाच परत विकलं. मग गालावर ब्लेड. हेतू असा की मरण दारात येईल, बघेल, ई करून तोंड फिरवेल आणि पुढच्या घरी जाईल. मरणाला त्यांची किळस ऐंशी उलटेपर्यंत पुरली.

मग एका सकाळी ते ओसरीवर बसल्या बसल्या गेले. बहुतेक मरणाची नजर अधू झाली असावी.

इथून पुढे आफ्रानीचं काही चालण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडे बाप मुलांचा नसतो. तो त्याच्या आईच्या कुळाचा, म्हणजे त्याच्या बहिणीचा आणि तिच्या पोरांचा. मुलांनी शवपेटी आणायची, रडायचं आणि सांगितलेल्या जागी बसायचं. बाकी सगळं ठरवायला बेडियाको होता. सुमिनांच्या बहिणीचा मुलगा, आफ्रानीचा आतेभाऊ. सुआमेला गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचा त्याचा धंदा आहे. चांगला माणूस, पण मोडीत निघालेलं इंजिन धुऊन, पुसून, चकाकवून नव्याच्या भावात विकण्यात आयुष्य गेलं की दृष्टी तशी होते.

आणि ठरवण्यासारखं सगळ्यात मोठं काय, तर फ्लेक्स. कुमासीत माणूस जिवंतपणी जितका दिसतो त्याहून मेल्यावर जास्त दिसतो. चौकाचौकांत दुमजली उंचीचे चेहरे, खाली जन्म, मरण, कुळ, नातवंडांची संख्या. देह शीतघरात थांबतो, फ्लेक्स आधी लागतो. शनिवारी जमणारी हजारभर माणसं शेवटचं जे बघतात ते तेच. बापाचं बाकी काहीच आफ्रानीच्या हातात नव्हतं, पण चेहरा त्याच्या लॅपटॉपमध्ये होता. त्या चौकात आपल्या बापाचाच चेहरा लागावा, एवढंच त्याला पाहिजे होतं. फार मोठी मागणी नव्हती, असं त्याला वाटलं.

त्याने मूळ फोटो बेडियाकोला पाठवला. आठवड्याने आशटाऊनच्या कुळाच्या घरी बोलावणं आलं. आफ्रानी मला बरोबर घेऊन गेला. भांडायला जाताना माणूस साक्षीदार नेतो.

अंगणात बेडियाको होता, त्याची आई, म्हणजे सुमिनांची धाकटी बहीण आम्पोमा आत्या, आणि कडेला शेंगदाणे सोलणाऱ्या दोन सुना. आत्या आता कुळातली सगळ्यात थोर बाई. लाकडी स्टुलावर बसून दातवणाची काडी चघळत होती. बेडियाकोने फोन पुढे केला.

"बघ. फ्लेक्सवाल्याने पाच मिनिटांत काढून दिला. काय तेज आलंय म्हाताऱ्याला!"

आफ्रानीचा ओठ उचलला गेला. फोटोत एक साठीचा, गव्हाळ, मेणचट गृहस्थ होता. कपाळ साबण लावून विसळलेलं. ओठ गुलाबी. मागे ओसरी नव्हती, जांभळं आभाळ होतं, आणि एक कबुतर.

"हे कोण आहे?"

"झालं सुरू," बेडियाको म्हणाला. "मामा आहे. दुसरं कोण?"

"कबुतर कोणाचं?"

"कबुतर सगळ्यांना देतो तो. पॅकेजमध्ये आहे."

"आणि गालाचं काय केलं?"

"साफ केलं. अरे, इतका मोठा फ्लेक्स, त्यात ती खूण हाताएवढी दिसेल. लोक बघायला येणार, जर्मनीहून आपल्या कुळातला ओफोसू येणार, चर्चचे लोक येणार. त्यांना काय, मामाला कोणी मारलं होतं असं वाटू द्यायचं?"

"लोकांना माहीत आहे ती खूण. ऐंशी वर्षं बघतायत."

"म्हणून शेवटच्या दिवशी पण दाखवायची? क्वाबेना, एक सांग. तू गिरणीत काय करतोस? गाठ असलेल्या फळीवर फुली मारतोस ना?"

"मारतो."

"मग?"

"फळीला मी बाबा म्हणत नाही."

सुना हसल्या आणि लगेच शेंगदाण्यांत बघू लागल्या. बेडियाकोचा चेहरा फुगला.

"हे बघ. बाप तुझा असेल, मयत आमची आहे."

ते खरं होतं. पण तो गप्प बसला नाही. मंडळात बोलायचा ते सगळं तो तिथे बोलला. हे यंत्र कोणी बनवलंय, कोणाच्या चेहऱ्यावर शिकवलंय, त्याला काळा माणूस म्हणजे कमी उजेडात काढलेला गोरा माणूस वाटतो. याच्या हातात दिलं तर सगळं कुमासी एका चेहऱ्याने मरेल. आत्ताच केजेतियाच्या चौकात जा, चार फ्लेक्स लागलेत, चौघी बायका सख्ख्या बहिणी वाटतात, आणि त्यांतली एक पुरुष आहे. बोलताना त्याचा आवाज चढला. मला वाटलं, आता जिंकणार. इतकं खरं बोलल्यावर आपण जिंकतो असा शिकलेल्या माणसांचा समज असतो.

आम्पोमा आत्याने तोंडातली काडी काढली.

"तो फोटो दे इकडे. तुझा. हा साबणवाला नको."

आफ्रानीने आपल्या फोनवरचा मूळ फोटो दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हा याव आहे," ती म्हणाली.

आफ्रानीने बेडियाकोकडे बघितलं.

"सगळं राहू दे. काळा राहू दे, सुरकुत्या राहू देत, ओसरी राहू दे. कबुतर काढ. आमच्या घरात कबुतर कोणी पाळलं नाही." मग तिने नखाने काचेवर टोकलं. "एवढं मात्र काढ."

"आत्या?"

"ही खूण. पूस."

"आत्या, तीच तर बाबांची..."

"त्याची कुठे? मरणाची होती ती. त्याला दाखवायला केली होती. आता घेऊन गेलं ना ते त्याला? आता कोणाला दाखवायची?"

"पण हा त्यांचा चेहरा आहे. जन्मभर होता."

"जन्मभर नव्हता. आठ दिवस नव्हता." आत्याने फोन मांडीवर ठेवला. "तुम्ही पोरं म्हणता खूण खरी, यंत्र खोटं. अरे बाबा, पहिला खोटेपणा आमच्या आईने केला. धडधाकट, गोजिरवाणं पोर, त्याला ब्लेड लावून कुरूप केलं, आणि मरणाला म्हणाली, बघ, घाण आहे. तुझं यंत्र नंतरचं."

बेडियाकोलाही हे नवीन होतं असं दिसलं.

"आई त्याच्या या अंगाला कधी बसली नाही," आत्या म्हणाली, आणि स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला. "जेवताना नाही, चर्चमध्ये नाही. कायम उजवीकडे. मी विचारलं एकदा, तर म्हणाली, तिकडून मला माझा हात दिसतो. आता याव तिच्याकडे चाललाय. तिथे पोचल्यावर तिला पहिलं काय दाखवू? तोच हात?"

पलीकडच्या घरात जेवणासाठी उखळात फुफू कुटण्याचा आवाज चालू होता.

आफ्रानीकडे भाड्याच्या प्रोग्रामविरुद्ध मुद्दे होते, चोरीच्या प्रोग्रामविरुद्ध होते, आभाळांविरुद्ध आणि कबुतरांविरुद्ध होते. याविरुद्ध एकही नव्हता. त्याने तिच्या मांडीवरचा फोन उचलला. मग म्हणाला,

"फ्लेक्सवाल्याकडून नको. मी करतो."

"कोणीही कर," आत्या म्हणाली. "पण कर." आणि काडी परत तोंडात घातली.

परत येताना तो ट्रोट्रोच्या खचाखच भरलेल्या गाडीत खिडकीशी बसला आणि सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलला. "तिने मला हरवलं असतं तर चाललं असतं. तिने मला कामाला लावलं."

रविवारी तो मंडळात आला नाही. मी घरी गेलो तेव्हा वीज नव्हती, लॅपटॉप बॅटरीवर होता आणि पडद्यावर बापाचा गाल भिंतीएवढा मोठा केलेला होता. बटण दाबून हे काम डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात झालं असतं. तो हाताने करत होता. गालाच्याच दुसऱ्या भागातली चिमूटभर कातडी उचलायची, खुणेच्या कडेला लावायची, ऊन ज्या बाजूने आलंय त्याप्रमाणे सावली बसवायची, पुन्हा चिमूटभर. वरच्या टोकापासून खाली. काळ्यातला निळा कुठे हलू दिला नाही. छिद्रं, पांढरे खुंट, सुरकुतीची वळणं, सगळं जुळवून. सुताराने जुन्या दाराला जुन्याच लाकडाचं ठिगळ मारावं तसं.

"घाण आहे," तो म्हणाला.

"थांब मग."

"काम घाण नाही. काम चांगलं होतंय. म्हणूनच."

मी त्याला सुचवलं की निदान एक पुसट रेघ ठेव, आत्याला चाळिशीतून दिसणार नाही. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी ताबडतोब माझी किंमत कमी करून घेतली. ठेवायची तर सगळी, काढायची तर सगळी, हे त्याचं फळ्यांच्या बाबतीतही धोरण आहे.

फ्लेक्सवाल्याकडे तो स्वतः फाइल घेऊन गेला. दुकानदाराला वाईट वाटलं.

"चेहऱ्याला काहीच करायचं नाही? साहेब, फिल्टर फुकट आहे आमच्याकडे."

"म्हणूनच नको."

"निदान थोडं तेज? लोक मला नावं ठेवतील. म्हणतील, या दुकानातून इतका काळा माणूस बाहेर पडला."

"पडू दे."

छापखान्याच्या यंत्रातून कापड इंचाइंचाने बाहेर येत होतं, तोवर आफ्रानी दाराला टेकून उभा राहिला. पहारा होता तो. आधी कपाळ आलं, मग डोळे, मग गाल. दुकानदार जवळ जाऊन बघू लागला. त्याने इतकी वर्षं मेलेल्यांना धुतलं होतं, त्याची नजर तयार होती.

"पहिल्या फोटोत इथे खूण होती," तो म्हणाला. "कुठून काढलीत तेच कळत नाही. कुठलं प्लग-इन आहे?"

आफ्रानीने खिशातून पैसे काढून मोजायला घेतले. एरवी या प्रश्नावर तो तासभर बोलतो.

शनिवारी मैदानावर मांडव पडले. काळी आणि लाल कापडं नेसलेली माणसं ओळीने आली. आमच्याकडे आलेल्याने आधी बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा असतो, उजवीकडून सुरू करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मगच बसायचं. मुलांची रांग फ्लेक्सच्या बरोबर समोर होती. त्यामुळे आफ्रानीला दिवसभर एकच दृश्य होतं, आणि येणारा प्रत्येक जण आधी मागे वळून ते दृश्य बघायचा आणि मग त्याचा हात धरायचा.

"अगदी तुझा बाप."

"बोलेल आता, असं वाटतं."

"आजकाल असले फोटो लावतच नाहीत. सगळे पिठात लोळवतात. हा मात्र हुबेहूब."

गिरणीतला जुना, आता निवृत्त मुकादम आला, तो सुमिनांबरोबर तरुणपणी एकाच खोलीत राहिलेला. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तसाच. काहीच बदल नाही रे." आफ्रानीने मान हलवली. त्याचा ओठ उचलला गेला नाही. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

बेडियाको सगळीकडे पळत होता, खुर्च्या लावत होता, ध्वनिक्षेपकवाल्याला शिव्या देत होता. जाता जाता तो आफ्रानीच्या खांद्यावर हात ठेवून थांबला. "क्वाबेना, मानलं. माझ्यावाल्यापेक्षा भारी झाला. आता आमच्या कुळात कोणी गेलं की तूच."

"तू गेलास तर कबुतर लावीन," आफ्रानी म्हणाला.

बेडियाको मनापासून हसला आणि पळाला.

आम्पोमा आत्या थोरांच्या रांगेत बसली होती. तिने सकाळी एकदाच फ्लेक्सकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुन्हा दिवसभर बघितलं नाही. तिचं काम झालं होतं.

दुपारी गर्दी थोडी उसवली तेव्हा फ्रेमा येऊन आफ्रानीच्या शेजारी बसली. ती त्याची सख्खी बहीण. टेमाला राहते, आदल्या दिवशीच आली होती, कुळाच्या घरातल्या त्या बैठकीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने फ्लेक्सचा फोटो काढून आपल्या फोनवर सगळ्यांना पाठवलाही होता.

"दादा, खूप छान झालाय. मी सकाळपासून रडतेय."

"फ्रेमा, नीट बघ."

"बघतेय की."

"काय नाही त्यात?"

तिने बघितलं. डोक्यावरचं कापड सारखं केलं, पुन्हा बघितलं. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्या खुणेत बोट घालून झोपायची, ती हीच. आफ्रानीने मला कितीदा सांगितलं होतं.

"चष्मा? नाही, चष्मा फोटोत काढायचेच ते." मग तिचा हात तोंडाकडे गेला. "अगं बाई. खूण!"

"हं."

"बघ ना, मला कळलंच नाही." ती जराशी ओशाळून हसली आणि स्वतःच्या उजव्या गालाला बोट लावलं. "इथे होती ना?"

आफ्रानीने तिच्याकडे बघितलं. मग कमरेच्या कापडात खोचलेला फोन काढला, मूळ फोटो उघडला आणि तिच्या हातात दिला. त्याने तो इतक्या हळू दिला की मला वाटलं तो फोन जड आहे.

फ्रेमाने तो फोटो समोर धरला. मग मोठ्या फ्लेक्सकडे बघितलं. मग पुन्हा हातातला. उजव्या गालावरचं बोट तिने काढलं आणि डाव्यावर नेलं, तिथे क्षणभर ठेवलं.

"अरे हो, इकडे," ती म्हणाली. आणि फोन त्याला परत देत, अगदी हळू, मांडवात दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "पण दादा, खरं सांगू? हाच बरा दिसतो."

आफ्रानी काहीतरी म्हणणार होता. त्याचा ओठ उचलला गेला तेही मी बघितलं. पण नवी माणसं आली होती, रांग त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि पुढच्या माणसाने हात पुढे केला होता.

"काय फोटो आहे," तो माणूस म्हणाला. "अगदी जिवंत."

"मेहेरबानी," आफ्रानी म्हणाला आणि त्याचा हात धरला.